साखळी, करार आणि लिलाव: अमेरिका पश्चिमेकडे कशी पसरली

30 सप्टेंबर 1785 रोजी ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेनसिल्व्हेनियाची पश्चिम हद्द जिथे नदीला येऊन मिळते त्या ठिकाणी, टॉमस हचिन्स या सरकारी भूमापकाने मोजणीला सुरुवात केली. ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. हचिन्सने तिथून पश्चिमेकडे सरळ रेघ धरली आणि त्या रेघेच्या आधाराने जंगलात चौकोन आखण्याचे काम सुरू झाले. पुढच्या काळात ओहायोपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचा बहुतेक प्रदेश याच पद्धतीने चौकोनांत कापला गेला.

अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती धाडसी शोधक, कापडी छताच्या गाड्या आणि घोडेस्वार यांच्या रूपाने. ती माणसे खरी होती आणि त्यांचे कष्टही खरे होते. पण दुसऱ्या लोकांचा देश अमेरिकेच्या मालकीचा नेमका कोणत्या वाटेने झाला, हे त्या धाडसावरून उलगडत नाही. त्यासाठी मोजणीची साखळी, कराराचा कागद आणि जमीन कचेरीतला लिलाव यांच्याकडे पाहावे लागते, आणि शोधमोहिमांचे स्थानही या तिन्हींच्या सोबत ठेवले तरच नीट कळते.

त्या काळी अमेरिकेत वापरली जाणारी साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास प्रचारात आणली होती. तिची लांबी 66 फूट आणि तिच्यात कड्या 100. अशा 80 साखळ्यांचा एक मैल होतो आणि 10 चौरस साखळ्यांचा एक एकर. ज्यांनी घरचा सातबारा वाचला आहे त्यांना हे माप परके वाटू नये, कारण अर्ध्या साखळीची बाजू असलेला चौकोन, म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, हाच आपला गुंठा. एका चौरस साखळीत चार गुंठे बसतात, म्हणून दहा चौरस साखळ्यांच्या एकरात चाळीस.

प्रत्यक्ष काम असे चाले. पुढचा गडी साखळीचे टोक घेऊन होकायंत्राने दाखवलेल्या दिशेने चालत जाई आणि मागचा शेवटच्या खुंटीपाशी उभा राही. साखळी ताणली गेली की पुढचा खुंटी रोवी, मागचा आपल्याजवळची खुंटी उपसून घेई, आणि मागच्याच्या हातात जमलेल्या खुंट्यांवरून किती साखळ्या झाल्या याचा हिशेब ठेवला जाई. कुऱ्हाडवाले वाटेतली झाडेझुडपे तोडत. कोपरा आला की तिथे खांब ठोकायचा आणि जवळच्या झाडांची साल तासून त्यांवर खूण कोरायची. या झाडांना साक्षीदार झाडे म्हणत, कारण खांब कुजला किंवा कोणी उपटला तरी झाडावरून कोपऱ्याची जागा शोधता यावी, अशी ती योजना होती. झाडाची जात, त्याचा घेर आणि कोपऱ्यापासूनचे अंतर वहीत लिहिले जाई. त्याच वहीत ओढे, खनिजे, खाऱ्या पाण्याचे झरे, पाणचक्कीला सोयीच्या जागा आणि जमिनीचा कस यांचीही नोंद करावी, असा कायद्याचा आदेश होता. विकणाऱ्याला आपला माल माहीत असायला हवा होता.

हा कायदा म्हणजे 20 मे 1785 चा भूमी अध्यादेश. त्याने ठरवले की सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनाचे एक टाउनशिप असावे, त्याचे एकेक चौरस मैलाचे 36 भाग पाडावेत, प्रत्येक भाग 640 एकरांचा असावा, आणि 16 क्रमांकाचा भाग गावातल्या सार्वजनिक शाळेसाठी राखावा. त्याआधी व्हर्जिनियासारख्या जुन्या वसाहतींत जमिनीचे वर्णन आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांतल्या चतुःसीमेसारखे असे: या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत, तिथून अमक्याच्या कुंपणापर्यंत. ओढा पात्र बदले, झाड पडे, आणि भाऊबंदांत दावे सुरू होत. चौकोनी पद्धतीत या भांडणांना जागा फार कमी उरली. एवढेच की पृथ्वी गोल आहे, उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ येतात, आणि सपाट कागदावरचे चौकोन जमिनीवर तंतोतंत बसत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर नवी दुरुस्ती रेषा धरून तिथून पुन्हा मोजायला सुरुवात करावी लागे.

या पद्धतीचा खरा परिणाम मात्र अचूकतेपेक्षा वेगळ्या ठिकाणी दिसतो. चौकोनांत कापलेली जमीन न पाहता विकत घेता येते. फिलाडेल्फियात बसलेल्या माणसाला शेकडो मैल दूरचा तुकडा केवळ क्रमांकावरून खरेदी करता येऊ लागला, गहाण टाकता येऊ लागला, नफ्यावर दुसऱ्याला देता येऊ लागला. नवजात अमेरिकी सरकारला हेच हवे होते. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि त्या वेळच्या घटनेनुसार काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे ॲपलाचियन डोंगररांगेपलीकडची जमीन. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी तिच्यावरचे आपापले दावे मध्यवर्ती सरकारकडे सोपवले होते.

दोन वर्षांनी, 13 जुलै 1787 रोजी, ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी दुसरा अध्यादेश आला. मला तो अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत दूरदर्शी कायद्यांपैकी एक वाटतो. एखाद्या विभागात 60,000 मुक्त रहिवासी झाले की तो विभाग जुन्या तेरा राज्यांच्या पूर्ण बरोबरीचे नवे राज्य म्हणून संघात येईल, असे त्याने सांगितले. पूर्वेकडच्या राज्यांनी पश्चिमेला आपली वसाहत करून ठेवायचे नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. याच नियमाने पुढे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये झाली. त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली गेली. आणि मूळ रहिवाशांविषयी त्यात असेही लिहिले होते की त्यांच्याशी नेहमी अत्यंत सद्भावनेने वागले जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन कधीही घेतली जाणार नाही.

हे वाक्य ध्यानात ठेवावे लागते, कारण त्याच वेळी त्याच जमिनीची मोजणी चालू होती.

1783 च्या पॅरिस तहात ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश अमेरिकेला सोडला, पण त्या प्रदेशात राहणाऱ्या शॉनी, मियामी, डेलावेअर, वायंडॉट आदी लोकांपैकी एकालाही त्या वाटाघाटीत बोलावले नव्हते. आपला देश कोणी कोणाला दिला, हे त्यांना नंतर कळले, आणि त्यांनी ते मानले नाही. 4 नोव्हेंबर 1791 रोजी मियामींचा नेता लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या फौजेने जनरल सेंट क्लेअरच्या छावणीवर पहाटे हल्ला केला आणि सहाशेहून अधिक अमेरिकी सैनिक मारले. मूळ रहिवाशांकडून अमेरिकी सैन्याचा इतका मोठा पराभव आधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही. तीन वर्षांनी फॉलन टिंबर्सच्या लढाईत जनरल वेनने त्यांना हरवले, आणि 1795 च्या ग्रीनव्हिल कराराने आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. कायद्यातली संमती ही अशी मिळवली गेली.

संमती मिळवण्याचा दुसरा मार्ग कर्जाचा होता. टॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना, फेब्रुवारी 1803 मध्ये, त्याने इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला एक खासगी पत्र लिहिले. सरकारी व्यापारी ठाण्यांतून मूळ रहिवाशांपैकी वजनदार माणसांना उधारी करू द्यावी, कर्ज फेडण्यापलीकडे गेले की ती माणसे जमीन देऊन मोकळी व्हायला तयार होतात, असा त्या पत्राचा आशय आहे. सावकाराच्या वहीने शेत कसे गिळले जाते हे ज्यांच्या घराण्याने पाहिले आहे, त्यांना यावर वेगळे भाष्य नको. फरक इतकाच की इथे सावकाराच्या जागी खुद्द सरकार होते, आणि धोरण म्हणून हे लिहिणारा मनुष्य स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक होता.

त्याच वर्षी लुइझियानाची खरेदी झाली. हैतीतल्या गुलामांच्या उठावापुढे आणि पीतज्वरापुढे फ्रेंच सैन्य गारद झाले होते, ब्रिटनशी युद्ध तोंडावर होते, आणि नेपोलियनला अमेरिका खंडातल्या साम्राज्यात रस उरला नव्हता. अमेरिकेचे वकील रॉबर्ट लिव्हिंगस्टन आणि जेम्स मन्रो हे न्यू ऑर्लिन्स बंदरासाठी बोलणी करायला गेले होते; त्यांच्यापुढे मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंतचा अख्खा प्रदेश ठेवला गेला. किंमत ठरली 1 कोटी 50 लाख डॉलर, क्षेत्र सुमारे 8,28,000 चौरस मैल. भागाकार करून एकराला जेमतेम तीन सेंट पडले, असे शालेय पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगितले जाते.

पण फ्रान्सने नेमके काय विकले? त्या प्रदेशातल्या फार थोड्या जमिनीवर फ्रान्सचा प्रत्यक्ष ताबा होता. तिथे ओसेज, लकोटा, मंडन, पॉनी आणि आणखी कितीतरी लोक आपापल्या देशात राहत होते. युरोपीय राज्यांनी आपसांत असा नियम मानला होता की ज्या राज्याने एखादा प्रदेश शोधला, त्यालाच तिथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्याचा हक्क, इतर युरोपीयांनी मध्ये पडायचे नाही. फ्रान्सने विकला तो हा हक्क. एखाद्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला काहीच न विचारता, बाहेरच्या दोघांनी हा वाडा पुढे कोणी विकत घ्यायचा याचा सौदा आपसांत करावा, तसा हा व्यवहार होता. प्रत्यक्ष जमीन अमेरिकेला नंतर तुकड्या-तुकड्यांनी, शेकडो करार करून आणि त्यांचे वेगळे पैसे मोजून घ्यावी लागली, आणि तीन सेंटांच्या हिशेबात ते पैसे कुठेच धरलेले नसतात.

पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची वाट शोधायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. जेफरसनने तिच्यासाठी काँग्रेसकडे गुप्त संदेशाने 2,500 डॉलर मागितले ते जानेवारी 1803 मध्ये, म्हणजे खरेदी होण्याच्या आधी. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी 14 मे 1804 रोजी मिसुरी नदीतून प्रवाहाविरुद्ध निघाली, नोव्हेंबर 1805 मध्ये पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचली आणि 23 सप्टेंबर 1806 रोजी सेंट लुईसला परतली. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जमातीपुढे लुईस भाषण करी, जेफरसनचे चित्र असलेली पदके वाटी आणि आता तुमचा नवा मोठा पिता वॉशिंग्टन शहरात आहे असे सांगे.

पहिला हिवाळा त्यांनी आजच्या नॉर्थ डकोटात, मंडन आणि हिदात्सा लोकांच्या शेजारी काढला. त्या पाच गावांची वस्ती त्या वेळच्या सेंट लुईसपेक्षा मोठी होती. मातीने लिंपलेली गोल घरे, कोठारात साठवलेला मका, दूरदूरच्या लोकांशी चाललेला व्यापार, असे ते नांदते ठिकाण होते. मोहिमेकडचे धान्य पुरेना, तेव्हा तुकडीतल्या लोहारांनी भाता पेटवला आणि मक्याच्या बदल्यात युद्धाच्या कुऱ्हाडी घडवून द्यायला सुरुवात केली. जळून निकामी झालेल्या शेगडीचा पत्रासुद्धा कामी आला: चार इंची चौरस तुकड्याला सात-आठ गॅलन मका मिळतो, असे लुईसने फेब्रुवारी 1805 च्या रोजनिशीत नोंदवले आहे. निर्मनुष्य रानात वाट काढणारी मोहीम हे चित्र या एका नोंदीपुढे टिकत नाही. शेजाऱ्यांनी मका दिला नसता तर ती तुकडी वसंत ऋतूपर्यंत तगली असती का, अशी शंका येते.

पुढच्या वाटेचे ज्ञानही तिथूनच मिळाले. मंडनांचा प्रमुख शेहेके याने क्लार्कला पश्चिमेकडच्या मुलखाचा आराखडा काढून दिला आणि हिदात्सांनी नद्यांची माहिती पुरवली. त्याच हिवाळ्यात साकागाविया ही शोशोनी तरुणी दुभाषी म्हणून मोहिमेशी जोडली गेली; 11 फेब्रुवारी 1805 रोजी तिला मुलगा झाला आणि त्या तान्ह्या लेकराला घेऊन ती पॅसिफिकपर्यंत जाऊन आली. रॉकी पर्वत ओलांडायला घोडे हवे होते. ते ज्या शोशोनी टोळीकडून मिळाले तिचा प्रमुख कमेआवाइट हा तिचा भाऊ निघाला.

मोहिमेचा मोबदला काय दिला गेला, हे तर सगळ्या विषयाची गुरुकिल्ली आहे. 1807 मध्ये काँग्रेसने सैनिकांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी 320 एकर जमिनीचा हक्क दिला, लुईस आणि क्लार्क यांना प्रत्येकी 1,600 एकर. साकागावियाच्या नवऱ्याला पगार आणि जमीन मिळाली, तिला काही मिळाले नाही. यॉर्क हा क्लार्कच्या मालकीचा कृष्णवर्णीय गुलाम सगळ्या प्रवासात इतरांच्या बरोबरीने राबला होता. तो परतला आणि पुन्हा गुलामच राहिला. पश्चिमेच्या शोधाचे बक्षीस म्हणून पश्चिमेचीच जमीन वाटली गेली, आणि ती कोणाच्या नावावर चढायची हेही त्यातच ठरले. क्लार्कने काढलेला पश्चिमेचा नकाशा 1814 मध्ये छापून आला. तोवर तो सेंट लुईसमध्ये सरकारच्या वतीने मूळ रहिवाशांचे व्यवहार पाहणारा अधिकारी झाला होता, आणि 1808 मध्ये ज्या कराराने ओसेज लोकांकडून आजच्या मिसुरी राज्याचा बहुतेक भाग गेला, त्या व्यवहारात त्याचा थेट हात होता. नकाशा काढणारा आणि करार करणारा मनुष्य एकच होता.

या यंत्रणेच्या मुळावरच ज्याने बोट ठेवले तो शॉनींचा नेता टेकम्से. हॅरिसनने 1809 मध्ये फोर्ट वेन येथे काही प्रमुखांकडून सुमारे 30 लाख एकर जमीन करार करून घेतली. पुढच्या वर्षी टेकम्सेने त्याच्या तोंडावर सांगितले की ही भूमी सर्व जमातींची मिळून सामायिक आहे, म्हणून एकट्यादुकट्याने दिलेली संमती ही संमतीच नव्हे. आपल्याकडे सामायिक क्षेत्र एका हिस्सेदाराने परस्पर विकले तर बाकीचे जी हरकत घेतात, तशीच ही हरकत होती. टेकम्सेने अनेक जमातींची एकजूट उभी केली, पण 5 ऑक्टोबर 1813 रोजी थेम्स नदीकाठच्या लढाईत तो पडला आणि एकजूट विस्कटली.

हाच प्रश्न 1823 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या रूपात आला. काही सट्टेबाजांनी स्वातंत्र्यापूर्वी पियांकेशॉ आणि इलिनॉय लोकांकडून थेट जमीन विकत घेतली होती आणि त्यांचे वारस तिच्यावर हक्क सांगत होते. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की मूळ रहिवाशांकडे जमिनीची वहिवाट आहे, पूर्ण मालकी नाही, आणि ती वहिवाट ते फक्त सरकारलाच देऊ शकतात. खटल्याच्या दोन्ही बाजूंना गोरेच पक्षकार होते. ज्यांच्या जमिनीचा दर्जा ठरत होता त्यांच्यापैकी कोणी तिथे नव्हते. विकत घेणारा एकच असेल तर भाव तोच ठरवतो, हे बाजारात बसणारा कोणीही सांगेल.

इकडे विक्रीचे नियम हळूहळू सैल होत गेले. सुरुवातीला किमान 640 एकर घ्यावे लागत आणि एकराला एक डॉलर पडे. सामान्य शेतकऱ्याला एवढी रोख जमवणे अशक्य होते, त्यामुळे माल सट्टेवाल्यांच्या हाती जाई. पुढे किमान क्षेत्र 320 वर आले, मग 160 वर, आणि 1820 च्या कायद्याने 80 एकर सव्वा डॉलर भावाने, म्हणजे 100 डॉलर रोख मोजून शेत घेता येऊ लागले. ज्यांच्याकडे तेवढेही नव्हते ते मोजणीच्या आधीच जाऊन झोपडी बांधत आणि नंतर हक्क मागत. 1841 मध्ये काँग्रेसने अशा लोकांना लिलावापूर्वी किमान भावात आपली जागा घेण्याची मुभा दिली. गरीब गोऱ्या कुटुंबांना यातून खरोखरच स्वतःचे शेत मिळाले, हे नाकारता येत नाही. दक्षिणेत मात्र हीच जमीन कापसाखाली गेली, आणि 1790 ते 1860 या काळात जवळजवळ दहा लाख गुलामांना जुन्या राज्यांतून उचलून या नव्या मळ्यांवर नेण्यात आले.

मोजणी, सोडत आणि ताबा यांचा संबंध सगळ्यांत उघडा पडला तो जॉर्जिया राज्यात. चेरोकी लोकांकडे तोवर स्वतःची लिपी होती, 1827 ची लिखित राज्यघटना होती आणि 1828 पासून निघणारे वृत्तपत्र होते. गोऱ्यांनी सुधारणेच्या ज्या ज्या अटी सांगितल्या, त्या त्यांनी बहुतेक पुऱ्या केल्या होत्या. जवळच सोने सापडले. जॉर्जियाने त्यांच्या देशात मोजणीदार पाठवून 160 एकरांचे शेतीचे आणि 40 एकरांचे सोन्याचे तुकडे पाडले, आणि 1832 मध्ये सोडत काढून ते आपल्या नागरिकांत वाटले. चेरोकी तेव्हा त्याच घरांत राहत होते. त्याच वर्षी मार्शल यांच्या न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी देशात लागू नाहीत असा निकाल दिला, पण सोडत थांबली नाही.

चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस 1835 मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाटाघाटी आटोपून घरी परतले, तेव्हा त्यांच्या घरात सोडतीत ते घर जिंकलेला मनुष्य राहत होता. रॉस कुटुंबाला घेऊन टेनेसीच्या हद्दीत गेले. त्याच डिसेंबरात मूठभर चेरोकींनी, राष्ट्राच्या सरकारचा अधिकार नसताना, सगळा देश सोडण्याचा करार केला, आणि सिनेटने तो अवघ्या एका मताच्या आधिक्याने मंजूर केला. 1838 मध्ये सैन्याने सुमारे 16,000 लोकांना छावण्यांत गोळा करून मिसिसिपीपलीकडे रवाना केले. त्यांपैकी अंदाजे चार हजार मेले. रॉस यांची पत्नी क्वाटी फेब्रुवारी 1839 मध्ये वाटेतच, आर्कान्सामधल्या लिटल रॉकजवळ गेली. तिला तिथेच पुरण्यात आले आणि बाकीचे पुढे चालू लागले.